कुळाबाहेरचा मामेभाऊ

भात भरलेले बांबू विस्तवाशी तिरके टेकवून बराच वेळ झाला होता आणि विर्दाचे वडील, सोफ्यान, एकेक बांबू हलक्या हातानं फिरवत होते.

"फिरवा, नीट फिरवा," विर्दाची आई रोसमानी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. "एका अंगानं करपतो न् दुसऱ्या अंगानं कच्चा राहतो. तुमच्या बोलण्यासारखा."

"मी कुठं काय बोललो?"

"तेच तर! घरात बोलत नाही. कॉफीच्या टपरीवर बोलता."

सोफ्याननी दुसरा बांबू फिरवला. चाळीस वर्षं बायकोच्या घरात नांदलेल्या माणसाला कधी बोलायचं नाही हे चांगलं कळतं. इथं घर बायकोचं, जमीन तिच्या कुळाची, मुलंही तिच्याच कुळाची. नवरा म्हणजे ओंडक्यावरची राख, वारा आला की उडायची, असं लोक म्हणतात आणि सोफ्यान स्वतः ते सगळ्यांच्या आधी हसत हसत म्हणायचे. आज मात्र हसले नाहीत.

विर्दा ओट्यावर बसून केळीची पानं पुसत होती. एकच पान तिनं तीनदा पुसलं. उद्यापासून रोजे. आदल्या दिवशी घरच्या मामानं बहिणीकडे यावं, वरच्या जागी बसावं, धाकट्यांनी त्याचा हात कपाळाला लावून वर्षभराच्या चुकांची माफी मागावी, मग दुआ, मग जेवण, अशी रीत होती. बुस्तामी मामा अजून आले नव्हते. विद्यापीठाच्या विश्वस्तांनी त्यांना सकाळीच शहरात बोलावून घेतलं होतं.

"आज नाही आला तर बरंच," रोसमानी म्हणाली आणि लगेच डोळ्यांना पदर लावला. "सकाळी रोज्यांआधीच्या शुद्धीच्या आंघोळीला लिंबं घेऊन नदीवर गेले. मी पाण्यात उतरले आणि शेजारच्या आसनिदारची मोठी सून मोठ्यांदा म्हणते कशी, 'एवढ्या लिंबांनी सगळं निघतं का हो मावशी?' बायका फिदीफिदी हसल्या. माझ्या साठ वर्षांत ह्या नदीवर माझ्याकडे बघून कुणी हसलं नव्हतं."

विर्दाची मान खाली गेली. हे तिच्यामुळं झालं होतं आणि आईला ते ठाऊक नव्हतं.

प्रकरण साऱ्या मुलखाला पाठ झालं होतं. कुलगुरू फखरिझाल यांच्या नावावर, ज्याचा पाला उकळून कात काढतात त्या गंबीरच्या मळ्यांतल्या किडीवरचे तीन निबंध परदेशात छापून आले आणि त्या जोरावर ते प्राध्यापकांचे प्राध्यापक झाले. ते निबंध म्हणजे तीन विद्यार्थ्यांचे प्रबंध होते, ओळीन् ओळ उचललेले. मुतिया नावाची मुलगी आणि दोन मुलगे. विर्दा त्याच विभागात शिकवायची. मुलं घाबरली होती, कारण कुलगुरू उलटे म्हणत होते की मुलांनीच माझं चोरलं. तसं ठरलं असतं तर पदव्या गेल्या असत्या आणि कपाळावर चोर म्हणून शिक्का बसला असता. मुतियाचे आईवडील दुसऱ्यांच्या मळ्यांत गंबीरचा पाला उकळून मोठे झालेले. त्यांच्या घरात पदवी ही पहिलीच.

मग ओरड झाली, मोर्चा निघाला आणि विश्वस्तांनी स्वतंत्र चौकशी समिती नेमली. अध्यक्ष म्हणून निवृत्त न्यायाधीश बुस्तामी. शपथेच्या दिवशी भर सभेत विचारलं गेलं, "कुलगुरूंशी आपलं काही नातं?" मामा उठून उभे राहिले, टोपी सारखी केली आणि म्हणाले, "त्यांचं कूळ वेगळं, माझं वेगळं. नातं नाही."

आता रीतीनं बघायचं तर ह्यात एक अक्षर खोटं नव्हतं. कूळ आईकडून चालतं. फखरिझाल हा बुस्तामींच्या मामाचा, म्हणजे कुळाचे आधीचे प्रमुख थोरले दातुक, त्यांचा मुलगा. मामा आपल्या कुळाचा, पण मामाचा मुलगा त्याच्या आईच्या कुळाचा. तो आपल्यात नाही. पण जगाच्या हिशेबानं तो सख्खा मामेभाऊ, आणि जग काही आपल्या रीती विचारून बोलत नाही.

त्या वेळी विर्दाच मुतियाला म्हणाली होती, "बिनधास्त साक्ष द्या. माझे मामा आहेत. न्यायाच्या खुर्चीत बसले की ते स्वतःच्या सावलीलासुद्धा ओळखत नाहीत." तिघांनी साक्ष दिली. प्रबंधाचे कच्चे कागद, मळ्यातले फोटो, सगळं दिलं.

आणि मग कुजबुज सुरू झाली की अहवाल मुलांवर उलटणार. टपऱ्यांवर तर आधीपासूनच चेष्टा होती. "स्वतंत्र समिती? कुणापासून स्वतंत्र? लाजेपासून?" विर्दा दोन आठवडे सगळ्यांशी भांडली. पण एका संध्याकाळी कॉलेजातून येताना तिनं मामांची जुनी करडी गाडी कुलगुरूंच्या आईच्या दाराशी उभी पाहिली आणि तिचा धीर सुटला.

तिला जुनं सगळं आठवलं. थोरल्या दातुकांनी कुळाच्या शेताचं उत्पन्न भाच्याच्या, बुस्तामीच्या, वकिलीच्या शिक्षणाला लावलं होतं. रीतच तशी, भाच्याला बोटाला धरून चालवायचं. स्वतःचा मुलगा फखरी मात्र बाजारात मिरच्या विकून शिकला. पुढं थोरल्यांची दातुक पदवीही भाच्यालाच मिळाली. एवढं ओझं डोक्यावर असलेला माणूस मामाच्या मुलाविरुद्ध लिहील? विर्दाच्या मनानं नाही म्हटलं. मामांना सरळ विचारावं, हे तिला सुचलं नाही. भाची मामाला असलं विचारत नाही.

तिनं आईच्या कपाटातून एक फोटो काढला. फखरीच्या लग्नाचा. नवरदेवाच्या बापाच्या घरची माणसं ताटं घेऊन वाजतगाजत निघालेली आणि तरुण बुस्तामी नवरदेवाच्या डोक्यावर पिवळी छत्री धरून हसतोय. फोटोचा फोटो काढून तिनं तो मुतियाला पाठवला. रात्रीपर्यंत तो शपथेच्या चित्रफितीला जोडून गावोगाव फिरला. एका बाजूला छत्री, दुसऱ्या बाजूला 'नातं नाही'. जिभेला हाड नसतं म्हणतात, मोबाइलला तर लाजही नसते.

"फोटो ह्याच घरातून गेला," रोसमानी भाताचं पातेलं दणकन ठेवत म्हणाली. "दुसरी प्रत नाही. फखरीच्या आईकडची तर पुरात गेली. मग दिला कुणी? माझ्या रक्तातलं कुणी देणार नाही."

"म्हणजे राहिलो मीच," सोफ्यान म्हणाले.

"तुम्हीच म्हणताय!"

"अगं, मी कशाला..."

"टपरीवर मोठेपणा मिरवायला! 'आमच्या घरात फोटो आहे बघा.' चार माणसांनी कॉफी पाजली असेल. चाळीस वर्षं ह्या घरचं खाल्लंत, आणि दातुकाची टोपी चौकात लोळवलीत!"

विर्दानं वडिलांकडे पाहिलं. त्यांनीही तिच्याकडे पाहिलं. त्या रात्री कपाट उघडं असताना पाणी प्यायला उठलेले बाबा दारात उभे होते. काही न विचारता परत गेले होते.

"असेल," सोफ्यान बांबू फिरवत म्हणाले. "गेलं असेल माझ्याकडून. म्हातारा झालो."

विर्दाला ओरडून सांगावंसं वाटलं. पण तोंड उघडलं नाही. आपण मुलांसाठी केलं, खऱ्यासाठी केलं, असं ती मनाशी घोकत होती. मग खऱ्यासाठी केलेली गोष्ट आईसमोर बोलता का येत नाही? बाप आपला अपराध अंगावर घेतोय आणि आपण केळीची पानं पुसतोय, ह्याची तिला शरम वाटली.

तेवढ्यात करडी गाडी अंगणात आली.

बुस्तामी मामा उतरले. अंगात काळा कोट, डोक्यावर टोपी, पण चाल थकलेली. ओसरीवर वरच्या जागी चटई, तक्क्या मांडून ठेवला होता. त्यांनी तिकडे पाहिलं आणि दाराशी, जावयांची जागा असते तिथं, भिंतीला टेकून बसले.

"तिथं काय बसतोस?" रोसमानी म्हणाली. "वर बस."

"इथंच बरं आहे, ताई. पाणी दे."

विर्दानं पाणी दिलं. त्यांनी पेला दोन्ही हातांत धरला, प्यायले नाहीत.

"समिती मोडली," ते म्हणाले. "अहवाल बाद."

विर्दाच्या छातीवरचा दगड उतरला. झालं. जे हवं होतं तेच झालं. आता नवी समिती येईल, बाहेरची, कुणाचीच नसलेली. आईची माफी मागू, बाबांची मागू, मामांचीही मागू.

"सुटलास," रोसमानी सुस्कारा टाकून म्हणाली. "मी तुला पहिल्या दिवशीच म्हटलं होतं, त्यात पडू नकोस. फखरीला वाचवलंस तरी शेण तुझ्याच तोंडात, बुडवलंस तरी तुझ्याच. आपलेच दात आणि आपलेच ओठ. कूळ वेगळं म्हणून तू सांगून आलास. अरे, कूळ वेगळं, पण उद्या तो मेला तर कफन कुठून जाणार? बापाच्या घरून. म्हणजे ह्या घरून! मी घडी घालून देणार आणि तू काखेत घेऊन जाणार. ज्याचं कफन आपण न्यायचं त्याच्याशी नातं नाही?"

मामांनी मान हलवली. "बरोबर आहे तुझं."

"मग का म्हणालास तसं?"

"खुर्चीवर बसायचं होतं म्हणून." ते पेल्यातल्या पाण्याकडे बघत बोलत होते. "मी नाही म्हटलं असतं तर त्यांच्याकडे दुसरं नाव तयार होतं. फखरीच्या ताटात जेवणारा माणूस. मला ते ठाऊक होतं. वाटलं, रीतीप्रमाणे खरंच आहे की, कूळ वेगळं. पण ताई, जन्मभर मी कोर्टात असल्याच खऱ्याला खोटं म्हणत आलो. माझ्यापुढे कुणी साक्षीदार असं बोलला असता तर मी त्याला उभा सोलला असता."

"आता काय त्याचं? अहवाल गेला, तू सुटलास."

"फखरीही सुटला."

"कशातून?"

मामांनी पेला खाली ठेवला. "मी त्याला काढून टाका असं लिहिलं होतं. तिन्ही प्रबंध मुलांचेच. कच्च्या कागदांवरून, मळ्यातल्या फोटोंवरून, पानोपान सिद्ध झालं होतं. समितीतल्या दोघांनी सही करायला कुरकुर केली. आठ दिवस समजावलं, तेव्हा झाली. उद्या जाहीर होणार होतं."

विर्दाच्या हातातली पानं खाली सटकली.

"पण मामा," विर्दा म्हणाली, "तुमची गाडी... फखरी मामांच्या आईच्या दाराशी मी पाहिली होती."

"मामीकडे गेलो होतो. सांगायला, की तुझ्या मुलाविरुद्ध लिहितोय. तिनं मला भात वाढलाय लहानपणी. पाठीमागून वार कसा करू? म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, 'त्याच्या बापाची पदवी तुझ्या डोक्यावर आहे. लिही.' एवढंच. जाताना दारापर्यंत आली नाही."

विस्तवात एक बांबू तडकला, सोफ्याननी तो बाजूला ओढला.

"आज फखरी विश्वस्तांपुढे तोच फोटो घेऊन आला," मामा पुढं म्हणाले. "हातात उंच धरला. म्हणाला, 'हा माझा आतेभाऊ. माझ्या बापाच्या पैशावर शिकला, माझ्या बापाची पदवी घेतली आणि जन्मभर माझ्यावर जळला. नातं लपवून खुर्चीत बसला, मला संपवायला. हीच का तुमची स्वतंत्र चौकशी?' विश्वस्तांना तर निमित्तच हवं होतं. मी काय बोलणार? खोटं तर मी बोललोच होतो. मान खाली घालून बाहेर आलो. फाटकावर पोरं उभी होती. मला बघून ओरडली, 'छत्रीवाला! छत्रीवाला!'"

"आणि त्या मुलांचं काय?" सोफ्याननी विचारलं.

"नवी समिती फखरी सुचवेल ती. पहिलं काम, मुलांनी प्रबंध कुठून चोरले ते तपासणं."

रोसमानी ताडकन नवऱ्याकडे वळली. "ऐकलंत? ऐकलंत काय करून बसलात? त्या पोरांच्या गळ्याला फास लावलात! टपरीवरच्या एका कपासाठी! उठा. उठा माझ्या घरातून. आज ह्या घरात तुमचा घास नको."

सोफ्यान खरंच उठले. हातातला चिमटा नीट भिंतीशी ठेवला, लुंगी झटकली आणि चपला शोधू लागले. ओंडक्यावरच्या राखेला जायला कितीसा वेळ लागणार!

"बाबांनी नाही," विर्दा म्हणाली. "मी दिला."

"काय?"

"फोटो मी दिला. तुझ्या कपाटातून काढला. बाबांना माहीत होतं, म्हणून ते..." तिनं तोंडावर हात घेतला. "मला वाटलं मामा त्यांना वाचवणार. सगळे तेच म्हणत होते. मलाही तेच वाटलं."

रोसमानी मटकन खाली बसली. तिनं मुलीला शिवी दिली नाही, हात उगारला नाही, नुसतं बघत राहिली, आणि विर्दाला वाटलं की चार थोबाडीत मारल्या असत्या तर सोसलं असतं. सोफ्यान एका पायात चप्पल घालून तसेच उभे होते.

बुस्तामी मामांनी पेला बाजूला सारला. मग म्हणाले, "मला विचारायचंस."

"भाचीनं मामाला कसं विचारायचं?"

"हं." त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. केस पार पांढरे झाले होते, ते विर्दानं कधी पाहिलंच नव्हतं. "आणि विचारलं असतंस तरी मी सांगितलं नसतं. चौकशीतलं बाहेर बोलायचं नाही. मामीपाशी एकदा मोडलं, तेवढंच. मी गप्प राहिलो असतो, आणि तू गप्प राहण्याचा अर्थ काढला असतास. लोकांनी काढला तोच."

"मामा, माफ..."

"थांब." त्यांनी हात वर केला. "तू काही खोटं पसरवलं नाहीस. छत्री माझ्याच हातात होती. मला राग आलाय, विर्दा, खूप आलाय, पण तो कुणावर काढू तेच कळत नाही. तू मला ओळखत नव्हतीस, एवढंच लागलं मनाला. सगळा गाव म्हणाला तरी चाललं असतं."

विर्दानं पुढं होऊन त्यांचा हात धरला, कपाळाला लावायला. त्यांनी हात काढून घेतला नाही, पण बोटं तशीच थंड आणि सैल राहिली.

आणि तेव्हा तिचा फोन वाजला. मुतिया.

"घे," मामा म्हणाले.

तिनं घेतला. पलीकडे नुसता गलका होता. ढोल, घोषणा, कुणीतरी गातंय.

"मॅडम! मॅडम, मोडली समिती! जिंकलो आपण! आत्ता कळलं, सगळे फाटकाशी नाचतायत! छत्रीवाला तोंड लपवून पळाला, मी पाहिलं! मॅडम, तुम्ही फोटो दिला नसतात ना, तर आम्ही मेलो असतो! आई रडतेय इकडे, तुम्हाला दुवा देतेय, हे घ्या, बोला तिच्याशी..."

"मुतिया, ऐक."

"काय?"

आवाज इतका मोठा होता की अंगणात सगळ्यांना ऐकू येत होतं. रोसमानीनं पदराचा बोळा तोंडात धरला होता.

"आज नको," मामा हलकेच म्हणाले. "उद्या सांग. एक दिवस हसू देत त्यांना."

उद्या सांगणं किती सोपं होतं. उद्यापर्यंत ती सगळ्यांची लाडकी मॅडम राहिली असती. पण उद्यापर्यंत फाटकावरची पोरं मामांच्या नावानं ओरडत राहिली असती, आणि फखरिझाल खिडकीतून ऐकत बसले असते.

"मुतिया," ती म्हणाली, "अहवाल तुमच्या बाजूनं होता. छत्रीवाल्यानं तुम्हाला खरं ठरवलं होतं. मी तो बुडवला."

पलीकडे ढोल वाजतच होता.

"काय म्हणालात? मॅडम, इथं काही ऐकू येत नाहीये! मोठ्यानं बोला ना!"

विर्दा उठून अंगणाच्या मधोमध आली. कुंपणापलीकडं आसनिदारची सून वाळत घातलेले कपडे काढता काढता थांबली होती. ती ऐकत होती, तिची सासूही ऐकत होती. विर्दानं फोन तोंडाशी घट्ट धरला आणि तेच सगळं, शब्दन् शब्द, पहिल्यापासून ओरडून सांगितलं.